तातेरावांनी काशीत राग सोडला

काशीला गेलेल्या माणसानं तिथं काहीतरी सोडून यायचं असतं. आवडीचं एखादं फळ, नाहीतर आवडीची एखादी भाजी. गंगेच्या काठावर बसून ओंजळीत पाणी घ्यायचं, नाव उच्चारायचं, पाणी सोडायचं आणि मरेपर्यंत ती वस्तू पुन्हा तोंडाला लावायची नाही. रीत आवडीचं सोडण्याची असली तरी माणूस शेवटी माणूसच. चिंचखेड्याचे आजवर जेवढे लोक काशीला गेले, त्यांतल्या एकानंही आंबा सोडल्याचं ऐकिवात नाही. कुणी कारलं सोडलं, कुणी शेपू सोडला, आणि एका महाभागानं तर अननस सोडला, जो त्यानं जन्मात कधी चाखला नव्हता. गंगामाईनं हे सगळं मुकाट्यानं वाहून नेलं.

तीर्थपुरीपासून दोन कोसांवरच्या या चिंचखेड्यात तातेरावांकडे जमीन बरी होती, विहिरीला बारमाही पाणी होतं; पण गावात त्यांची ओळख होती ती रागामुळे. सकाळी चहा गोड झाला म्हणून ते रागवत, दुपारी भाकरी जाड झाली म्हणून आणि दिवे लागले की दिवे लवकर लावले म्हणून. त्यांच्या बायकोनं, केशरबाईंनी, सारा संसार चुलीपाशी बसून बाहेरच्या खाकरण्याचा अंदाज घेत केला. खाकरणं कोरडं असलं की त्या पोरांना मागच्या दारानं बाहेर काढत.

तातेराव मात्र स्वतःला रागीट समजत नसत. त्यांचं म्हणणं असं, की घर म्हणजे सरपणाची मोळी आणि बापाचा राग म्हणजे तिची दोरी. दोरी ढिली पडली की काटक्या चार दिशांना. सगळ्यांनी एका छपराखाली राहावं, आपल्या डोळ्यांसमोर राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. यात वाईट काही नव्हतं. फक्त ते कुणाला 'राहा' असं कधी म्हणाले नाहीत, 'जाऊन दाखव' असं म्हणत आले.

यात्रेला निघायच्या आधी, त्या शहाण्णव सालच्या दसऱ्याला, दोन काटक्यांनी मोळीतून डोकं बाहेर काढलंच होतं. पहिली काटकी म्हणजे थोरला मुलगा मच्छिंद्र. तो जालन्याच्या एका बियाण्याच्या कंपनीत नोकरीला होता, रोज मोटरसायकलवर जाऊन येऊन त्याची कंबर धरली होती. जालन्यात खोल्या बघतो, पोरांना तिथल्या शाळेत घालतो, असं तो म्हणाला. तातेराव उठून उभे राहिले. "जाऊन दाखव. आन् त्या भाड्याच्या खोलीत मी जल्मात पाय ठेवनार न्हाई, हे बी ध्यानात ठेव." मच्छिंद्रनं ते ध्यानात ठेवलं.

दुसरी काटकी बेबीनंदा, धाकटी लेक. तिला बदनापूरचं स्थळ आलं होतं. मुलगा भुजंग, तिथल्या शेती संशोधन केंद्रात कामाला, पगारी, निर्व्यसनी, आणि त्याचे वडील साहेबराव तर देवासारखा माणूस. तातेरावांनी पाहुण्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. कारण काय, तर बदनापूरला रेल्वे स्टेशन आहे. "ज्या गावातून आगगाडी जाती," ते म्हणाले, "त्या गावचे लोक एका जाग्याला बसलेले नसतेत. आज हाय, उद्या न्हाई." हे त्यांनी साहेबरावांच्या तोंडावर सांगितलं, आणि वरच्या पट्टीत सांगितलं. बेबीनंदा आत दाराआड उभी होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारण्याची त्या घरात पद्धतही नव्हती.

मग तातेराव आणि केशरबाई यात्रेच्या बसमध्ये बसून काशी, प्रयाग, गयेला निघून गेले. सोबत आचारी, भांडी, शिधा, आणि गावचे माजी सरपंच अण्णासाहेब. अण्णासाहेब आणि तातेराव यांचं बांधावरून जुनं वैर होतं, पण देवाच्या बसमध्ये नेमकी दोघांची जागा शेजारी शेजारी आली. नर्मदा ओलांडेपर्यंत दोघं खिडकीवरून भांडले, आणि पुढं खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून.

काशीच्या घाटावर सोडण्याचा दिवस आला. गुरुजी मूळचे आपल्याकडचेच, पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेले, मराठी बोलणारे. बसमधली सगळी मंडळी पायऱ्यांवर ओळीनं बसली. अण्णासाहेबांनी डोळे मिटून, गळा दाटून कोहळा सोडला. कोहळ्यानं त्यांचं पोट बिघडतं, हे साऱ्या गावाला माहीत होतं. केशरबाईंनी सीताफळ सोडलं. सीताफळाच्या दिवसांत ही बाई जेवण सोडत असे, सीताफळ सोडत नसे. परसात झाडाखाली बसून एकटीच खात असे. तिनं खरोखर आवडीचं सोडलं, पण तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

तातेरावांचं दोडक्यावर पक्कं झालं होतं. त्यांनी ओंजळ पुढं केली, तेवढ्यात अण्णासाहेब बाजूच्याला म्हणाले, "आता बघा, तातेराव दोडका सोडनार. ह्यांच्या घरी दोडका शिजतच न्हाई. मंग सोडायचं ते काय?"

पायऱ्यांवर हशा झाला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तातेरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही काय कोहळे आन् भोपळे सोडून राह्यले? हे का सोडनं झालं? ज्याला म्हनतेत सोडनं, ते बघा. म्या राग सोडला. आजपासून राग बंद. घ्या." आणि ओंजळीतलं पाणी त्यांनी असं आपटलं की अर्धं गुरुजींच्या धोतरावर गेलं.

रागाच्या भरात राग सोडणारा हा बहुधा जगातला पहिलाच यात्रेकरू. गुरुजींनी धोतर झटकलं. त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. ते म्हणाले, "भाजी सोडली तर ती आपल्या पायांनी घरी येत नाही. हे रोज येईल. अजून बदलून घ्या पाहिजे तर." पण शब्द म्हणजे शब्द. त्यातून अण्णासाहेब शेजारीच बसलेले. तातेरावांनी तो शब्द पुढं पाळला, त्यात देवाची भीती चार आणे होती आणि अण्णासाहेबांची बारा आणे.

त्याच संध्याकाळी अण्णासाहेबांनी एसटीडी बूथ गाठला आणि तीर्थपुरीच्या बूथवर बसणाऱ्या आपल्या पुतण्याला फोन लावला. 'आम्ही सुखरूप आहोत' हे सांगायचं ते विसरले, पण तातेरावांनी राग सोडला हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाजार उठायच्या आत ही बातमी चिंचखेड्यातच काय, वाटेवरच्या वस्त्यांवरही पोचली होती. मच्छिंद्रला आधी खरं वाटलं नाही. मग तो आपल्या चुलत्याकडे, कडूबाकडे गेला. कडूबा तातेरावांचा धाकटा भाऊ, जन्मभर थोरल्याची बोलणी खाऊन मऊ पडलेला. दोघं बराच वेळ ओट्यावर बसून बोलले, आणि मच्छिंद्र सकाळी उठून बदनापूरला गेला.

इकडं बसमध्ये तातेरावांची परीक्षा सुरू झाली होती. राग सोडणं म्हणजे काय, याचा त्यांनी विचारच केला नव्हता. आचाऱ्यानं वरणात मीठ जास्त टाकलं, तातेरावांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की तोंडात दुसरं काहीच नाही. रागवायचं नाही तर बोलायचं काय? मीठ जास्त झालं, हे रागाविना कसं सांगतात, हे ते कधी शिकलेच नव्हते. त्यांच्या घशातून फक्त 'हं' असा आवाज निघाला. आचाऱ्याला वाटलं, वरण पसंत पडलं. त्यानं आणखी एक पळी वाढली.

महिनाभरानं बस गावी आली. काशीहून आलेल्या माणसानं तडक घरात शिरायचं नसतं. आधी मारुतीच्या देवळात मुक्काम, मग घरच्यांनी वाजतगाजत न्यायला यायचं, गंगेच्या गडवांची पूजा करायची आणि मावंद्याची पंगत घालायची. तोवर उंबरा ओलांडायचा नाही. ही चाल ज्यानं पाडली असेल त्यानं मच्छिंद्रवर मोठे उपकार केले. कारण तातेराव देवळात बसलेले, समोर मारुती, आजूबाजूला पाया पडायला आलेलं गाव, आणि उठून जायची सोय नाही.

मच्छिंद्र चहाची किटली घेऊन आला. मागं कडूबा होता, आपण फक्त कपबशा धरायला आलो आहोत असा चेहरा करून.

"दादा, तुम्ही थकून आल्ते, म्हनून रातीला बोललो न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "उद्या मावंदं हाय. पाचशे पान उठनार. मांडव हाय, आचारी हाय, पाहुनेरावळे आयते हायेत. मंग मी म्हनलं, ह्याच खर्च्यात बेबीनंदाचं कुंकू बी लावून घ्यावं. बदनापूरकर उद्या येऊन राह्यले."

पाया पडायला वाकलेला एक जण वाकलेलाच राहिला. सगळे तातेरावांच्या तोंडाकडे बघत होते. अण्णासाहेब पलीकडच्या खांबाला टेकून बसले होते, आणि ते तर कौतुकानं बघत होते. तातेरावांच्या कपाळावरची शीर फुगली, मान लाल झाली. पाच-पंचवीस शब्द घशापर्यंत येऊन थांबले.

"हं," तातेराव म्हणाले.

"बराबर हाय," कडूबा लगेच म्हणाला. "भाऊ हो म्हनले."

दुपारी बेबीनंदा जेवणाचा डबा घेऊन आली. केशरबाई मागच्या आडावर पाणी शेंदायला गेल्या होत्या, देवळात बापलेकच होते. तिनं डबा उघडला, भाकरीवर ठेचा ठेवला, आणि तिथंच बसून राहिली. मग भाकरीकडे बघत म्हणाली, "दादा, मला पोरगा पसंत हाय. तवाबी व्हता. त्यायच्या घरी पुस्तकं हायेत, आन् ते म्हनले पुढं शिकायचं तर शीक. तुम्ही त्यायच्या वडलाला बोलले, तवा मी दाराआड रडली."

तातेरावांचा घास हातातच राहिला. लेकीच्या तोंडून इतकी सलग वाक्यं त्यांनी तोवर ऐकलीच नव्हती. तिचा आवाज आईसारखा आहे, हेही त्यांना त्या दिवशी कळलं. या पोरीला आपण आजवर कधी बोलूच दिलं नाही, असं मनात आलं आणि त्यांना वाईट वाटलं. पण वाईट वाटलं हेही कसं सांगतात, ते त्यांना येत नव्हतं.

"हं," ते म्हणाले, आणि भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मावंदंही झालं आणि कुंकूही लागलं. एकाच मांडवात गंगेचे गडू उघडले, त्यांच्यापुढं आरती ओवाळली, आणि त्याच पाटावर बेबीनंदाला बसवून साहेबरावांच्या बायकोनं तिला लग्न ठरल्याचं कुंकू लावून साडी दिली. मग साहेबराव बोलायला उभे राहिले. "काही मान्सं काशीला जाऊन भाजीपाला सोडून येतेत," ते म्हणाले, "पर आमच्या व्याह्यानं जे सोडलं, ते साधुसंतालाबी जमत न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुंदी वाढणाऱ्यांनीही पातेलं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. तातेराव मधोमध बसले होते, गळ्यात हार, हातात नारळ. आपल्याला लुटलं जातंय आणि वर हार घातले जातायत, एवढं त्यांना कळत होतं.

पुढचे काही आठवडे गावानं त्यांचा राग तपासून पाहिला. माणसांना एखाद्याच्या चांगुलपणावर विश्वास ठेवायला वेळ लागतो, पण फायदा घ्यायला लागत नाही. कचरू नावाच्या शेजाऱ्यानं आधी आपली शेळी त्यांच्या कडब्यात सोडून पाहिली. मग त्यांच्या वाट्याचं पाटाचं पाणी रात्रभर आपल्या गव्हाला घेतलं, आणि सकाळी स्वतःच सांगायला आला, "दादा, जरा जास्तच गेलं पानी तिकडं. तुम्हाला राग न्हाई ना आला?" तातेरावांना राग आला नाही असं चार लोकांसमोर सांगावं लागलं. लोक त्यांना देवमाणूस म्हणू लागले. देवमाणूस म्हटलं की त्याला विचारायचं काही कारण उरत नाही, हात जोडले की भागतं.

तातेरावांना मात्र एक आशा होती. लेक तर काय, परक्याचं धन, आज ना उद्या जायचीच. पण मच्छिंद्र घरी होता, सून होती, नातवंडं होती. घर अजून उभं होतं. राग नसतानाही ते उभं आहे, हे बघून त्यांना मनातून जरा बरंही वाटत होतं.

पाडव्याला मच्छिंद्रनं गुढी उभारली, बापाच्या पाया पडला, आणि पाया पडता पडताच म्हणाला, "दादा, जालन्याला दोन खोल्या बघितल्यात. काद्राबाद भागात. पुष्पाला तिथं बालवाडीत काम मिळून राह्यलं. शाळा उघडायच्या आत जावं म्हन्तो."

पुष्पा म्हणजे त्याची बायको. ती डोक्यावरचा पदर सावरत दारात उभी होती, आणि खोल्या खरं म्हणजे तिनंच बघितल्या होत्या.

"हं," तातेराव म्हणाले. त्या 'हं'मध्ये त्यांनी बरंच काही घालायचा प्रयत्न केला होता.

"तुमचं काय म्हनसान तर," मच्छिंद्र पुढं म्हणाला, आणि तो अगदी आदरानं म्हणाला, "तुम्ही म्हनल्ते, भाड्याच्या खोलीत जल्मात पाय ठेवनार न्हाई. तुमचा शब्द मी बिलकुल मोडायचो न्हाई. म्हनून तुम्हाला त्यात धरलंच न्हाई."

इतका आज्ञाधारक मुलगा गावात दुसरा नव्हता. बापानं आयुष्यभर रागात जे जे म्हटलं होतं, त्यातलं सोयीचं तेवढं त्यानं शब्दशः पाळलं. तातेरावांना म्हणायचं होतं, की अरे, तो राग होता, तो काही शब्द नव्हता. पण असं म्हणणं म्हणजे इतक्या वर्षांचं सगळंच खोटं ठरवणं, आणि तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती.

वैशाखात लग्न झालं. बेबीनंदा बदनापूरला गेली, आणि ज्या आगगाडीवर तातेरावांचा इतका रोष होता, तिची शिट्टी आता तिला रोज घरात ऐकू येऊ लागली. पहिल्याच पत्रात तिनं ते लिहिलं, आनंदानं लिहिलं. लेकीनं जाताना आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं होतं. बापाजवळ आली तेव्हा बाप मांडवाचे बांबू मोजत होता.

तरीही तातेराव मनाला समजावत राहिले. मुलगा जाईल, सून जाईल, पोरं जातील. पण म्हातारी तर आहे. दोन वेळची भाकर, सकाळचा चहा, दारात कुणीतरी. दोघांच्या संसाराला असं किती लागतं? केशरबाईंशी ते याबद्दल बोलले नाहीत. केशरबाईंशी ठरवून बोलावं असं काही असतं, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. त्या घरात होत्या, जशी चूल होती.

एका दुपारी केशरबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. तातेराव खाटेवर पडले होते. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पुष्पा दिसभर बालवाडीत ऱ्हाईन. पोरायला बघायला कोनी पायजे. मी चाल्ले त्यायच्या संगं."

तातेराव उठून बसले. "कुठं?"

"जालन्याला."

"आन् हितं?"

"हितं कडूबा हाय. त्याच्या घरून तुमची भाकर येत जाईन, मी बोलून ठेवलं." कडूबाच्या बायकोच्या भाकरीला तातेरावांनी वर्षानुवर्षं नावं ठेवली होती, तेही तिला ऐकू जाईल अशी. केशरबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुम्हाला राग तर न्हाई ना आला?"

असं विचारल्यावर काय बोलणार? साऱ्या गावानं त्यांना हा प्रश्न विचारला होता, आणि उत्तर पाठ झालं होतं. तातेरावांनी मान हलवली आणि परत आडवे झाले. झोप मात्र लागली नाही. तांदूळ निवडून होईपर्यंत ते त्या बाईच्या पाठीकडे बघत राहिले. तिनं कधी, कुणाशी, किती बोलून हे ठरवलं असेल? सगळं ठरवून झाल्यावर शेवटी आपल्याला सांगितलं. त्यांना आठवलं, की त्यांनीही घरातली प्रत्येक गोष्ट तिला अशीच सांगितली होती, ठरल्यावर.

मृगाच्या तोंडावर टेंपो आला. कपाट, दोन खाटा, कोठी, शिवणाचं यंत्र, पोरांची दप्तरं एकेक करून वर चढू लागलं. कडूबा दोऱ्या आवळत होता. गल्लीतले लोक निरोपाला जमले होते. अण्णासाहेबही आले होते. बांधावरचं वैर असलं तरी माणूस प्रसंगाला चुकत नसे. तातेराव ओट्यावर बसून होते. कचरूनं केशरबाईंची ट्रंक खांद्यावर घेतली. लग्नात माहेराहून आलेली ती ट्रंक, कोपरे चेपलेली. ती दारातून बाहेर पडताना तातेरावांनी पाहिली आणि ते उठले.

"ठेव ती खाली," ते ओरडले.

असा आवाज या गल्लीनं सहा महिन्यांत ऐकला नव्हता. कचरूनं ट्रंक खाली ठेवली. टेंपोवाला बिडी टाकून उभा राहिला. "कोन चाललंय कुठं? कुनाला इचारून? ह्या घरातली एक वाटी बी हलायची न्हाई. काढा सगळं खाली. मी मेलो का? मी हितं बसलेलो असताना तुम्ही भांडे बांधून राह्यले? जाऊन दाखवा. एकानं जाऊन दाखवा." बायको, मुलगा, सून, भाऊ, टेंपोवाला, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. पोरं आजीच्या मागं लपली. मच्छिंद्रचा हात नकळत टेंपोच्या फळीवरून खाली आला. इतक्या वर्षांची सवय, ती काय काशीनं जाते?

अण्णासाहेबांचा चेहरा खुलला. ते हळूच म्हणाले, "मोडलं बरं का तातेराव. काशीचं मोडलं."

केशरबाई पायरी उतरून नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आधी अण्णासाहेबांकडे पाहिलं. "न्हाई मोडलं," त्या म्हणाल्या. "मी ह्यांचा राग पस्तीस वर्षं ऐकला. मला ऐकू येतो ना तो. हा राग न्हाई." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "काय झालं ते नीट सांगा. वरडू नका. मी हितंच हाय."

तातेराव उभे होते. त्यांनी ट्रंकेकडे बघितलं, टेंपोकडे बघितलं, घराच्या उघड्या दारातून आतल्या रिकाम्या भिंतीकडे बघितलं. मग ज्या आवाजात माणूस दुखणं सांगतो, त्या आवाजात ते म्हणाले, "मला करमायचं न्हाई."

अण्णासाहेबांनी खाली बघितलं. पुष्पानं पदर डोळ्यांना लावला. तातेरावांना वाटलं, आता झालं. आपण कधी नव्हे ते बोललो, आता सगळे थांबतील, ट्रंक आत जाईल.

केशरबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सूड नव्हता, थोडी मायाच होती. "मी ह्या घरात आली, तवा पंधरा वर्षाची व्हती," त्या म्हणाल्या. "मलाबी करमत नव्हतं. लई दिवस करमलं न्हाई. कुनाला सांगावं? मंग करमून घेतलं." त्यांनी कचरूला खूण केली. त्यानं ट्रंक उचलून टेंपोत ठेवली. "तुम्हीबी घ्या करमून. लागतेत थोडे दिस."

पोरं आधीच चढली होती. मच्छिंद्र बापाच्या पाया पडला, पुष्पा पडली. केशरबाई पुढं टेंपोवाल्याच्या बाजूला बसल्या, नातीला मांडीवर घेतलं. टेंपोवाल्यानं चावी फिरवली. तातेराव ओट्यावरून उतरून आले आणि टेंपोच्या दाराच्या खिडकीला हात लावून उभे राहिले. त्यांना काही विचारायचं होतं, पण आर्जवाचा प्रश्न कसा असतो हेच त्यांना सुचत नव्हतं.

केशरबाईंना ते दिसलं. त्यांनी खिडकीवरच्या त्या हातावर आपला हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "दिवाळीला बेबीनंदाला आनायला मच्छिंद्रला मुराळी धाडायचा हाय बदनापूरला," त्या म्हणाल्या. "तसाच तुम्हाला आनायला हितं धाडते. चार दिस राहून जा."

टेंपो हलला. तातेराव खिडकी धरून दोन पावलं सोबत चालले.

"धाडशीन ना पर?" त्यांनी विचारलं.